सहीचा अधिकार

माझी मोठी बहीण चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. त्या दिवशी ती शाळेतून थेट माझ्याकडे आली आणि इतकं हळू बोलायला लागली, की मी हातातलं काम टाकून तिच्या शेजारी जाऊन बसले.

ताई एका मोठ्या शाळेत अकरा वर्षं मदतनीस होती. वह्या वाटायच्या, नाकं पुसायची, रांगा लावायच्या, एवढंच तिच्या नेमणुकीच्या कागदावर होतं. प्रत्यक्षात ज्या मुलांचं वाचन अडलंय त्यांना बाजूला घेऊन शिकवण्याचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं, कारण चाळीस मुलांचा वर्ग सांभाळून ते करायला वर्गशिक्षिकेला सवड नसायची. जिन्याखालच्या खोलीत, जुने नकाशे आणि मोडकी बाकं यांच्यात, तिची शिकवणी चालायची. दर दोन-तीन वर्षांनी शिकवण्याचा परवाना मिळालेली नवी शिक्षिका यायची. हजेरीपट कुठे असतो इथपासून कुठलं मूल कशाने बिथरतं इथपर्यंत ताई तिला सगळं सांगायची. ती तरबेज झाली, की तिला बढती. ताई तिथेच.

त्या वर्षी तिच्याकडे तिसरीतली एक मुलगी होती. दिवसभर चिवचिवायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. बोलायला चुरचुरीत, पण पुस्तक उघडलं की गप्प. अक्षरं एकमेकांवर चढतात म्हणायची. ताईने तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये भरपूर जागा सोडून पानं लिहून काढली आणि ओळीखाली पट्टी धरायला शिकवलं. वर्ष संपता संपता पोरगी अख्खा परिच्छेद वाचायला लागली. अडखळत, पण समजून.

मग आला अहवाल. ताईने चार पानं लिहिली: काय येतं, काय येत नाही, कशाने येतं. पण अहवालावर सही परवानाधारकाचीच चालते, म्हणून ती पानं नव्या वर्गशिक्षिकेकडे गेली. तिला रुजू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तिने चिमणीला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, बारीक छपाईचं पान हातात दिलं आणि वाच म्हणाली. मुलगी मुकी झाली. चार पानांच्या जागी दोन ओळी झाल्या: वाचन येत नाही, मंदगती तुकडीत पाठवावे. त्या तुकडीला मुलं गोगलगाय तुकडी म्हणत.

ताई मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं मत कळलं. पण असं मत द्यायला तुमच्याकडे परवाना कुठे आहे?"

हेच वाक्य ताईने त्या दिवशी मला तीन वेळा सांगितलं, दर वेळी आणखी हळू. मग म्हणाली, "मी पदवी घेते. परवाना घेते. बघतेच."

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. आईला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, ओसरेल. या वयात पुस्तकं घेऊन बसणार का, लोक काय म्हणतील, हे सगळं तिने यथासांग म्हणून घेतलं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि बोलतात कमी. ते एवढंच म्हणाले, की लिफ्टचा परवाना त्यांना एका दिवसाच्या परीक्षेत मिळाला आणि त्यांच्या भरवशावर रोज हजारभर माणसं वरखाली करतात. पोरांना अक्षरं शिकवायला मात्र दोन वर्षं लागतात, म्हणजे कायदा करणाराला लिफ्टची भीती कधी वाटली नसावी. त्यानंतर त्यांनी सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. कसा व्हायचा ते विचारू नका.

अध्यापक महाविद्यालयात प्रवेश घ्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. खिडकीतला कारकून भलताच गोड. तिचं वय पाहून त्याने एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, एका वर्षात, फक्त रविवारी, घर सांभाळून. मला तर बरंच वाटलं. ताईने ते पत्रक उभ्या उभ्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मागच्या पानावर, पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या पदवीमुळे अध्यापनाचा परवाना मिळत नाही.

"मग ही घेऊन करायचं काय?" तिने विचारलं.

कारकून म्हणाला, ज्ञान वाढतं, नावापुढे पदवी लागते, बहुतेक बायका हीच घेतात.

"त्यांना तुम्ही ही शेवटची ओळ वाचून दाखवता का?"

आमच्यामागे रांगेत सात-आठ बायका होत्या. ताईने वळून ती ओळ त्यांना वाचून दाखवली, आणि मगच दोन वर्षांच्या, परवान्यासकटच्या पदवीचा अर्ज मागून घेतला. तिघीजणी रांगेतून बाहेर पडल्या. एक म्हणाली, तिच्या जावेने गेल्याच वर्षी ही पदवी घेतली आणि अजून ती नोकरीसाठी वणवण करते आहे.

वर्गातली बाकीची मंडळी बावीस-तेवीसची. तिच्या अकरा वर्षांच्या अनुभवाला शून्य किंमत, हे पहिल्याच आठवड्यात लेखी कळवण्यात आलं. सोळा आठवड्यांचे सराव पाठ तिलाही चुकले नाहीत. एका पाठात फळ्यावरचं उदाहरण मुलांना कळेना, म्हणून तिने आधी लिहून आणलेलं पाठाचं टाचण बाजूला ठेवलं आणि मुलांना घेऊन जमिनीवर बसली. मुलांना कळलं. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी शेरा मारला: पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. तो पाठ तिला पुन्हा द्यावा लागला. दुसऱ्यांदा तिने टाचणातली ओळ न् ओळ पाळली, मुलांना काही कळलं नाही, आणि उत्तम शेरा मिळाला. ते दोन्ही कागद तिने माझ्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि मला हसू आलं तर माझ्यावरच भडकली.

पण सगळाच राग दुसऱ्यांवर होता असं नाही. दुसऱ्या वर्षी वाचनाच्या अडचणींवर एक विषय होता. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या, खणखणीत, आणि आयुष्यभर लहान मुलांत काम केलेल्या. त्यांनी एकदा दाखवून दिलं, की अडखळणाऱ्या मुलाला इतरांसमोर मोठ्याने वाचायला लावलं, की त्याचं लक्ष अक्षरांवर राहतच नाही, सगळं बाकीचे हसतील या भीतीकडे जातं. त्या संध्याकाळी ताई आली आणि चहाला हातसुद्धा लावला नाही.

"पहिली पाच-सहा वर्षं मी हेच करायचे," ती म्हणाली. "त्या खोलीत एकेकाला उभं करायचे. वाटायचं, भीड चेपेल. किती पोरांचं वाटोळं केलं असेल मी? आणि त्या नव्या शिक्षिकेला नावं ठेवते."

मी म्हटलं, तुला कोणी शिकवलंच नव्हतं.

"तेच तर," ती म्हणाली. "आम्हाला मुलांसमोर सोडलं, शिकवलं नाही. आणि चुकलो तर विचारायलाही कोणी नाही, कारण कागदावर आम्ही शिकवतच नव्हतो."

परवाना आला तेव्हा चिमणी पाचवीत होती, गोगलगाय तुकडीतच. मुख्याध्यापिकांनी ताईला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा अगदी मायेचा. आपल्याच शाळेची मदतनीस शिक्षिका झाली, शाळेच्या वार्षिक अंकात फोटो छापू, दुसरीचा हुशार वर्ग देऊ, वगैरे. ताईने फोटोला नकार दिला आणि मंदगती तुकडी मागितली. ती कोणालाच नको होती, त्यामुळे लगेच मिळाली.

तुकडीत नऊ मुलं होती. ताईने तीन महिने एकेकाला एकट्याने, दार लावून, वाचायला बसवलं. नऊ नवे अहवाल लिहिले आणि प्रत्येकाखाली सही केली. पाच मुलं नेहमीच्या वर्गांत परत गेली. उरलेल्यांपैकी दोघांना मुळात चष्मा हवा होता. एकीला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि हे चार वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नववी चिमणी. तिने पुस्तक हातात घेतलंच नाही. चिवचिवणंही कधीच बंद झालं होतं. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "तसं लिहिलंय." ताईने जुनी मोठ्या अक्षरांची पानं काढली, तर तिने ती पालथी घातली. पुढे आठ महिन्यांनी ती दोन-तीन ओळी वाचू लागली, तिसरीत वाचायची त्यापेक्षाही कमी. शाळा बदलून गेली तेव्हाही तेवढ्याच.

आता शाळेच्या दर बैठकीत ताई एकच मागणी करते: मदतनिसाने लिहिलेली पानं, तिच्या नावासकट, अहवालाला जोडलीच पाहिजेत. शाळावाले दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, विचार करू. शिक्षकखोलीत ती आली की काहीजण चहाचे कप उचलून बाहेर जातात.

गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, आता मिळालं ना सगळं, जरा शांत हो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय मिळालं?" इतक्या हळू म्हणाली, की मला ओठांवरून ओळखावं लागलं. मग उठली आणि चौथ्या बैठकीसाठी त्याच मागणीचा अर्ज लिहायला बसली.