कोऱ्या कागदावरचा पंच

फौजदारी न्यायाच्या एमएचे विषय निवडायचे होते. लासुर्ण्याच्या घरी मी यादी मोठ्यानं वाचत होते. 'पुरावा आणि पंचनामा' म्हणाले, तसे आबा, माझे वडील, एकदम बोलले, "त्यो नगं घिऊस."

शेजारच्या पोरीचा खून झाला तेव्हा पंचनाम्याला आबा पंच होते. पंच म्हणजे मान, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. पुढं कोर्टात त्यांची साक्ष उलटली आणि आरोपी सुटला. आबा फितूर झाले, असं गाव म्हणायचं. मीही तेच धरून बसले होते. त्या चिडीवरच तर हे शिकायला घेतलं.

"आबा, साक्ष का फिरवली?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"फिरवली न्हाय. पंचनाम्याचा कागद कोरा हुता. सायेब म्हणलं, सही करा, मागनं लिवतो. मी केली. वकिलानं इचारलं, तवा खरं ते सांगितलं."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. तोच विषय घ्यायचं ठरवून मी रिकामा फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. पालकाची सही हवी होती.

आबांनी पेनला हात लावला नाही.

"आदी समदं लिव," ते म्हणाले. "मग करतो."