अर्धाच पाहिलेला सिनेमा

बुलडाण्याला कॉलेजात असताना आमच्या खोलीवर पेनड्राइव्हमधून एक परदेशी सिनेमा आला. आमच्याकडच्या कुठल्या टॉकीजला तो लागला नव्हता, पण पोरं त्याची नुसती पूजा करायची. शहरातला एक नोकरदार. घर मागवलेल्या वस्तूंनी गच्च भरलेलं. एक दिवस तो सोफा, टीव्ही, काचेची कपाटं रस्त्यावर आणतो आणि घणानं फोडतो. मग त्याच्यासारखेच वैतागलेले पुरुष गोळा होतात, डोकी भादरतात, काळे शर्ट घालतात, दिसेल त्याला दरडावत फिरतात. तिथपर्यंतचा भाग आम्ही वीसेक वेळा पाहिला असेल. शेवटचा अर्धा तास संथ होता. तो एकदाच पाहिला, तोही मोबाइल चाळत. नंतर त्या नायकाचं चित्र असलेले काळे टी-शर्ट आम्ही चौघांनी ऑनलाइन मागवले. वस्तू फोडणाऱ्या माणसाचं चित्र विकत घेतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी ताईकडे दुसरबीडला गेलो. भाऊजींचं रोडवर मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की आतली जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, असं ते काम. त्याला धीर लागतो, आणि माणूसही तसाच होता. सकाळी भाकरी थापायचे, मुलीची वेणी घालायचे, अंथरुणाला खिळलेल्या आईला न्हाऊ घालून तिचे केस विंचरायचे. मला ते पाहवत नसे. ताईनं नवरा केला की घरकामाला बाई ठेवली, असं मी मित्राला फोनवर सांगून हसलो होतो.

एका दुपारी मीच त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं. जरा मर्द कसा असतो ते पाहा, हा माझा हेतू. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून मधूनमधून मी सांगत होतो. अर्ध्यावर बंद करायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "राहू दे, त्याचं पुढं काय होतं ते तर पाहू."

संपल्यावर म्हणाले, "सगळं फोडलं त्यानं, पण त्याला एकदा रडता नाही आलं रे. बिचारा."

"तुम्हाले समजलाच नाही सिनेमा, भाऊजी," मी म्हणालो.

पावसाळा संपता संपता त्यांची आई गेली. मी गेलो, आठ दिवस राहिलो, दुकानात हाताखाली बसलो. एके दिवशी तार गुंडाळता गुंडाळता भाऊजी थांबले आणि हुंदके देऊन रडायला लागले. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मला लाज वाटली. मी काळा टी-शर्ट घातलेला.

"काय लावलं हे भाऊजी? लोक पाहून राह्यले. माणसासारखे राहा ना जरा."

गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला. भाऊजींनी हातातल्या चिंधीनं डोळे पुसले आणि पुन्हा तार गुंडाळायला घेतली. मला वाटलं, चला, सावरला माणूस.

पुढच्या वर्षी त्यांनी मोठी बुलेट घेतली. मग भिंतभर टीव्ही, गॉगल, हातात जाड कडं. स्वयंपाकघरात जाणं बंद झालं. बोलणं कमी झालं, ओरडणं वाढलं. वडील घरात आले की मुलगी उठून आतल्या खोलीत जायची. ताईनं एकदा विचारलं, "तू काय बोलला होता त्याईले?" मी 'काही नाही' म्हणालो.

आता मी जळगाव जामोदला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. गेल्या वर्षी वर्गातली पोरं त्याच सिनेमाचे व्हिडिओ एकमेकांना दाखवत होती, तोच घण, तेच काळे शर्ट. त्या रविवारी मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. शेवटी नायक रिकाम्या घरात एकटा बसतो. तोंड वेडंवाकडं होतं, पण डोळ्यांतून काही येत नाही. बाहेर सारख्या कपड्यांतली माणसं त्याच्या हुकमाची वाट पाहत उभी असतात. पगारासाठी एका साहेबाचं ऐकणारे आता दुसऱ्याचं ऐकत होते. ज्याला आम्ही डोक्यावर घेतलं, त्याची सिनेमा कीव करत होता. भाऊजींना ते भाषा न येता दिसलं होतं.

पुढच्याच सुटीत खामगाव, चिखली करत दुसरबीड गाठलं. भाऊजी नव्या दुकानात खुर्चीवर होते, तार दुसरेच कोणी गुंडाळत होते.

"आई गेल्या तवा मी तुम्हाले बोललो होतो..."

"माणसासारखे राहा," त्यांनीच वाक्य पुरं केलं. शब्दन् शब्द लक्षात होता.

"चुकलंच माझं, भाऊजी."

"चुकलं काऊन? बरोबर बोलला तू. कोणी तरी सांगायलाच पाहिजे होतं मला."

ते मनापासून बोलत होते. चिडले असते तर बरं झालं असतं.

घरी जाऊन ताईला सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. "तुह्या एकट्यानं नसंन झालं," म्हणाली. "पण तवा मी इचारलं होतं ना. तवाच सांगतलं असतं तर मी बोलली असती त्याईच्यासंगं."

संध्याकाळी भाऊजी मला नव्या गाडीतून स्टँडवर सोडायला आले. रस्ताभर ते एसी, स्पीकर, सीटचं कातडं यांबद्दल सांगत राहिले. मी हो हो म्हणत गेलो. एसटी लागलेली होती.