नेपतीचं झुडूप

खडोलीत कारखाने नवे होते तेव्हा मी एका कारखान्यात झाडलोटीला लागले. फाटकाजवळ दगडांच्या ढिगावर एक काटेरी झुडूप होतं. त्याला एकही पान नव्हतं, म्हणून वाळलेलं समजून मी ते उपटलं.

फाटकावरचा खानदेशी वॉचमन धावत आला. "ताई, नेपतीले पानं नसतातच," एवढंच म्हणाला.

ते त्याने गावाहून आणलं होतं. इथल्या पावसात मुळं कुजू नयेत म्हणून दगड रचले होते. लाल फुलांवर मध प्यायला शिंजीर पक्षी येतील, फळं बुलबुल खातील, असं तो सगळ्यांना सांगायचा, हे मला नंतर कळलं.

त्याने ते पुन्हा लावलं. रोज एक काडी नखाने खरवडून आत हिरवं दिसतं का बघायचा आणि थोडं पाणी घालायचा. माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

एकदा तो जेवायला गेल्यावर मी बुडाशी नख लावलं. कोरडा भुसा निघाला. तेवढ्यात तो तांब्या घेऊन आला.

"दिसलं का काही, ताई?"

मी नखातला भुसा पदराला पुसला. तो वाकून पाणी घालू लागला.