करुणाचं पहिलं इंग्रजी भांडण

दौंडचे पोपट रणपिसे रेल्वेत गार्ड होते. इंग्रजी ते गोव्याच्या एका ड्रायव्हरशी बोलून बोलून शिकले होते. २००५ साली त्यांची भाची करुणा शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडच्या एका विद्यापीठात शिकायला निघाली. त्याआधी बोलायचा सराव करायला ती निमोण्याहून महिनाभर त्यांच्याकडे राहायला आली.

मामा इंग्रजीत विचारायचे, ती पुटपुटायची. दहाव्या दिवशी मामा वैतागले. "लिहितीस झकास, मग तोंड का उघडत न्हाई?"

करुणा रडकुंडीला आली. "कॉलेजात एकदा उभं राहून बोलले, तर सर वर्गासमोर हसले. म्हणाले, तुमच्या वस्तीत कुठलं आलंय इंग्रजी? तवापासून जीभच वळत न्हाई."

मामांचं डोकं सणकलं. "आन् तू गप बसलीस?" त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. "मी तुझा सर हाय. दे उत्तर. इंग्रजीत दे!"

करुणा अडखळली, मग आवाज चढला. वर्गात मार्क कुणाचे जास्त होते, तिच्या वह्या कोण मागून न्यायचं, हसताना सरांना लाज कशी वाटली नाही, सगळं ती बोलत गेली. व्याकरण चुकत होतं. मामांनी एकदाही टोकलं नाही.

सप्टेंबरात ती गेली. तिकडे वर्गात ती वाद घालते, असं तिनं फोनवर सांगितलं. मामा खूश झाले. पण ते सर अजून त्याच कॉलेजात शिकवतात, हे आठवलं की त्यांच्या कपाळाची शीर तटतटते.