दसऱ्याचं कुंकू आणि आमचा सेन्सर

आमच्या सेन्सरला उपग्रहावर जागा मिळणं एका चाचणीवर अडलं होतं. नखाएवढा अतिसंवाहक तुकडा. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार केला की होकायंत्राला पत्ताही लागणार नाही इतकं क्षीण चुंबकत्व तो टिपतो. अंतराळातून फिरत पृथ्वीच्या पोटातले खडक चाचपायचे, असा बेत. त्यापायी मी लग्नसुद्धा केलं नाही, असं आई लोकांना सांगायची.

नागपुरात चाचणी अशक्यच. मेट्रो गेली की आलेख उड्या मारतो, लिफ्ट हलली तरी तेच. म्हणून पारशिवनीकडचं, विजेच्या तारांपासून लांब असलेलं मित्राचं शेत ठरलं. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी जनावरांच्या दवाखान्यात नायट्रोजन ठेवतात. मित्रानं हातापाया पडून तोच थोडा मिळवला. दसऱ्याच्या सकाळी निघायचं, म्हणून सेन्सर आदल्या दिवशीच सक्करदऱ्याला घरी आणून ठेवला.

आंघोळ करून येतो तर पेटी उघडी! सेन्सर ज्या दांडीला कायमचा चिकटवलेला, तिच्यावर आईनं कुंकवाची बोटं ओढली होती. वर अक्षता, झेंडूचं फूल.

"हे काय केलंस?" मी ओरडलोच.

"रागावून काहून राहिला गा? दसऱ्याले अवजाराची पूजा नाही करत का? माग होता तवा मागाची करत होतो. तो विकला. आता घरात पुजाले दुसरं हाये काय?"

आम्ही विणकर.

स्पिरिटनं पुसलं. धुणं शक्य नव्हतं, ओल लागली की सेन्सरचा पातळ थर मरतो. वाटलं, निघालं. पण स्वस्त कुंकवात रंगासाठी लोखंडाची लाल भुकटी मिसळतात, आणि ती दांडीच्या काचतंतूंत शिरून बसली होती. शेतात वारा सुटला, दांडी थरथरली, आणि आमच्या थोर यंत्रानं पृथ्वी सोडून आईचं कुंकू मोजायला सुरुवात केली. दुपारपर्यंत नायट्रोजन उडून गेला. दवाखान्याला सणाचं कुलूप. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्म तरी कुणाचं धरायचं?

मोजमापं पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपली. जागा दुसऱ्यांना गेली, मग निधी थांबला. आमच्या प्रयोगशाळेत आता पहिल्या वर्षाची मुलं लंबक मोजतात आणि मी त्यांच्या वह्या तपासतो. पुन्हा कुणाकडे काही मागायची हिंमत उरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

आईला कारण सांगितलेलं नाही. सांगून करू काय? उशीर होतोय, एवढंच म्हणतो. उपग्रह सोडल्याची बातमी लागली की ती टीव्हीचा आवाज वाढवते आणि मला हाक मारते.

"यात हाये का आपलं?"

"नाही."

"मंग पुढच्यात जाईन. मीनं पूजा केली हाये त्याची. कसं नाही जाईन?"