चार टिकल्या आणि माझं बोट

नाशिक शहरातील सर्व सुज्ञ नागरिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की माझ्या उजव्या हाताची तर्जनी माझ्याच मित्राने पळवली. बोट जागेवर आहे. पळवलं ते त्याचं चित्र. पण चोरी ती चोरीच.

पंचवटीत आमचं दोघांचं व्हिडिओचं दुकान. एकोणीस वर्षं तो कॅमेरा धरायचा आणि मी एडिटिंग करायचो. लग्नं, मुंजी, सिन्नरच्या कारखान्यांच्या जाहिराती. माझी कीर्ती मात्र एका जादूसाठी होती: चित्रणात दिसणाऱ्या पडद्यावरचं चित्र बदलणं. ऐन मंगलाष्टकांत हॉलच्या टीव्हीवर केटररची जाहिरात लागली, तर तिथे मी वधूवरांचा फोटो बसवून द्यायचो. कॅमेरा हलला की फोटोही टीव्हीबरोबर हलला पाहिजे, नाहीतर सोंग उघडं पडतं. आधीपासून ठरवून करायचं असेल, तर टीव्हीचा पडदा नुसता हिरवा ठेवून चार कोपऱ्यांवर खुणा चिकटवायच्या. संगणक त्या खुणांच्या मागे मागे जातो. आमच्या खुणा म्हणजे माझ्या बायकोच्या काळ्या टिकल्या. ती पाकीट लपवायची, मी शोधून काढायचो.

मागच्या वर्षी मित्र म्हणाला, आपल्या दुकानाची फिल्म करू. मी संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून एक वाक्य बोलायचं, पडद्यावर नंतर आपली जुनी कामं टाकायची. मी केस रंगवले. टिकल्या स्वतःच्या हाताने चिकटवल्या. कोऱ्या हिरव्या पडद्यासमोरून बोट फिरवत, संगीत नाटकातल्या राजाच्या थाटात म्हणालो, "उत्तम काम बघायचं असेल, तर इथे बघा."

त्यानंतर महिनाभर तो माझा विद्यार्थी झाला. दुपारी चहा घेऊन शेजारी बसायचा. कोपरा निसटला तर काय करायचं, विचारायचा. पडद्यासमोरून हात गेला तर नवं चित्र हातावर चढतं, ते कसं टाळायचं, विचारायचा. कशासाठी, म्हटलं, तर लासलगावच्या एका व्यापाऱ्याचं काम आहे, तुझ्यावर किती भार टाकायचा, म्हणाला. मला भरून आलं. हाताची कड एकेका फ्रेमला कशी कापायची, टिकली कशी पुसायची, सगळी विद्या मी त्याच्या ओंजळीत ओतली.

मग एका रविवारी सकाळी त्याने गंगापूर रोडच्या हॉलवर बोलावलं. फिल्म दाखवायची आहे, नवा शर्ट घालून ये. मला पहिल्या रांगेत बसवलं. फिल्म सुरू झाली, मी प्रकटलो. केस छान दिसत होते. बोट फिरलं, वाक्य झालं, आणि मी ज्याच्याकडे बोट दाखवत होतो त्या पडद्यावर उमटलं एका नव्या स्टुडिओचं नाव. खाली मालक म्हणून तो आणि त्याचा जावई. टाळ्या कडाडल्या.

तुम्हाला वाटेल मी नाव वाचत बसलो. मी कोपरे बघत होतो. एकही निसटत नव्हता. माझ्या बोटाच्या कडेला हिरवी झाकसुद्धा उरली नव्हती. नवख्याला असं काम महिनाभर घासल्याशिवाय जमत नाही. म्हणजे रोज चहा पाजून तो ज्या हाताबद्दल विचारत होता, तो माझाच हात. लासलगावचा व्यापारी जन्मालाच आलेला नव्हता. आणि एकोणीस वर्षांची आमची भागीदारी मोडली होती, तीही मला न सांगता, माझ्याच तोंडून जाहिरात करवून.

लोक येऊन माझं अभिनंदन करत होते. मीही हसून ते स्वीकारत होतो. मित्र पाहुण्यांच्या घोळक्यात शिरला होता आणि माझ्याकडे फक्त त्याची पाठ होती. त्याची बायको पेढ्यांचं ताट घेऊन आली. सहज विचारती झाली, की आता पंचवटीचं दुकान मी एकटाच बघणार, की कुणाला सोबत घेणार. मी विचारलं, एकटा म्हणजे?

तिने माझा चेहरा पाहिला. मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. ताट खुर्चीवर ठेवलं आणि भर हॉलमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं, "भावजी, यांनी तर मला तुमची शपथ घेऊन सांगितलं, की स्टुडिओचं नाव तुम्हीच सुचवलंत."