आत्या उठून गेली

माझी आत्या व्यापार खात्यात अधिकारी होती. एका मित्रदेशाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिलाही त्यात घेतलं. मित्रांची बोलणी म्हणजे हसतखेळत होत असणार, असं आम्हाला वाटायचं. ती म्हणायची, "परक्याला नाही म्हणणं सोपं असतं गं. मित्राला म्हणताना जीभ जड होते."

बाबा तिचे थोरले भाऊ. त्यांचा बुटांचा छोटा कारखाना होता. खाली मशीनची खडखड, वर आमचं घर, आणि जिन्यात कायम चामड्याचा नि गोंदाचा वास. बाहेरून येणाऱ्या बुटांवर जबर कर होता, म्हणून आमचे स्वस्त बूट खपायचे. हे बाबाही नाकारायचे नाहीत.

आत्या रविवारी यायची. बाबा खोदून खोदून विचारायचे, "बुटांचं काय ठरतंय?"

"दादा, चहा गार होतोय," एवढंच उत्तर.

मग एका संध्याकाळी बातम्यांत करार जाहीर झाला. आपली फळं आणि यंत्रांचे सुटे भाग तिकडे बिनकराचे जाणार होते. बदल्यात बुटांवरचा कर दरवर्षी थोडाथोडा उतरून शेवटी शून्यावर येणार होता. बाबांनी टीव्ही बंद केला. "सख्ख्या बहिणीनं भरल्या ताटावरून उठवलं," म्हणाले. पुढच्या रविवारी आत्या आली तशी ते खाली निघून गेले. ती आईशी बोलत बसली, चहा घेतला, गेली. त्यानंतरही दर रविवारी येत राहिली. बाबा दर रविवारी खाली जात राहिले.

खरं काय ते कळलं तिच्या कार्यालयातल्या ड्रायव्हरकडून. तो बुटाचा तळ बदलायला आला होता. बाबांनी रागारागात बहिणीचा विषय काढला, तर तो म्हणाला, "अहो, बुटांची गोष्ट निघाली तेव्हा बाई आत नव्हत्याच! भावाचा कारखाना आहे, म्हणून आपणहून उठल्या. मोठे साहेब म्हणाले, बसा, आमचा विश्वास आहे. तरी नाही बसल्या. दिवसभर बाहेर बाकावर संत्री सोलत होत्या. मलाही दिली."

बाबांनी ॲप्रन काढला आणि मला घेऊन तडक तिचं घर गाठलं. दार उघडताच म्हणाले, "उठून का गेलीस? आत असतीस तर माझ्यासाठी भांडली असतीस ना?"

"भांडले असते," आत्या म्हणाली. "म्हणूनच उठले."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "दादा, आता करार जाहीर झालाय, आता बोलू शकते. स्वस्त बुटांत तू त्यांच्यापुढे टिकणार नाहीस. पण कर शून्यावर यायला अजून काही वर्षं आहेत. आणि त्यांचं कातडं आता स्वस्त येईल. कामगारांच्या जाड बुटाला तुझ्यासारखा टाका कोण घालतो?"

"शिकवू नकोस मला," बाबा म्हणाले; पण खुर्ची ओढून बसले.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. दोन जुने कारागीर दुसरीकडे गेले. त्यातल्या एकाला निरोप देताना बाबा रडले. जाड बुटांची पहिली खेप तळ सुटले म्हणून परत आली. आत्या रविवारी कारखान्यात स्टुलावर बसायची, दोघं कडाकडा भांडायची आणि शेवटी वर येऊन जेवायची. हळूहळू बूट नावारूपाला आले.

परवा एक व्यापारी बाबांना लाडीगोडी लावत होता. आत्या आता खात्यात वरच्या पदावर आहे. तिच्याकडे माझ्या मालासाठी शब्द टाका, म्हणत होता.

बाबा मोठ्यानं हसले. "अहो, सख्ख्या भावासाठी जिनं शब्द टाकला नाही, ती तुमच्यासाठी टाकणार होय?" मग कारागिरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी बहीण आहे ती!"